रेषा आणि रेषेबाहेरचे बिंदु

ज्यास पृष्ठें नाहींत, बांधणी नाहीं, प्रकाशक नाहीं आणि किंमतही नाहीं, अशा वस्तूचें परीक्षण ग्रंथपरीक्षणाच्या पानांत करावयास बसणें कित्येकांस चमत्कारिक वाटेल. आम्हांसही प्रथम तसेंच वाटलें. परंतु आमच्या जालना जिल्ह्यांतील जीं मुलें आज कांहीं शिकूं पाहतात, त्यांच्या हातीं चांगला ग्रंथ क्वचितच पडतो आणि मोबाइल मात्र सदैव असतो. व त्या मोबाइलवर जगांतील नामांकित अध्यापकांचे व्हिडिओ पाठ मोबदल्याविना मिळतात. मुलें ज्या अन्नावर वाढतात त्याची चव वडील मंडळींनीं एकदां तरी घेऊन पाहावी, एवढ्याच अधिकारानें आम्हीं हें काम पत्करलें आहे. विषय एकच घेतला : रेषीय समाश्रयण, ज्यास ह्या पाठांत ‘लिनिअर रिग्रेशन’ म्हणतात.

निमित्त असें घडलें. सन २०२५ च्या जूनमध्यें मंठा तालुक्यांतील आमचा एक जुना विद्यार्थी वडिलांस घेऊन आमच्याकडे आला. मुलगा विज्ञानाचा पदवीधर. शहरांतील एका खासगी वर्गांत आंकड्यांचें शास्त्र शिकविण्याची जी फी सांगितली होती, ती त्यांच्या सहा एकर कपाशीच्या एका हंगामाच्या उत्पन्नाएवढी होती. वडील कर्ज काढावयास तयार होते. मुलाचें म्हणणें, तेथें शिकवितात तेंच मोफत पाठांत आहे. “सर, खरं काय ते तुम्हीच सांगा,” असें म्हणून बापलेक ओसरीवर बसले. आमचा जन्म इंग्रजी साहित्य शिकविण्यांत गेला. गणिताशीं संबंध बारावीच्या परीक्षेबरोबरच तुटलेला. “दोन महिने द्या, पाहून सांगतों,” असें आम्हीं म्हटलें, आणि एक वही, एक पेन्सिल व कन्येचा जुना टॅबलेट घेऊन रोज सायंकाळीं विद्यार्थ्यासारखे बसूं लागलों.

विषय मुळांत साधा आहे. दोन राशि घ्याव्या, उदाहरणार्थ पाऊस आणि कापूस. प्रत्येक वर्षाचा एक बिंदु कागदावर मांडावा. आणि त्या विखुरलेल्या बिंदूंमधून अशी एक सरळ रेषा काढावी कीं, रेषेपासून प्रत्येक बिंदूचें जें उभें अंतर, त्या अंतरांच्या वर्गांची बेरीज दुसऱ्या कोणत्याही रेषेपेक्षां कमी भरेल. किमान वर्गांची ही रीत लझांद्र ह्या फ्रेंच गणितज्ञानें १८०५ सालीं प्रसिद्ध केली. पुढें १८०९ सालीं गाउस ह्यानें आपण ती १७९५ पासून वापरीत आहों असें सांगितलें, आणि त्यावरून जो वाद माजला तो इतिहासकारांना अद्याप पुरतो आहे.

पण रेषा काढण्याच्या ह्या उद्योगास ‘रिग्रेशन’, म्हणजे मागें परतणें, असें नांव कां पडावें? ही कुळकथा आम्हां जालनेकरांनीं तर अवश्य ऐकावी, कारण ती बियाण्यांची कथा आहे. फ्रान्सिस गाल्टन ह्या इंग्रज संशोधकानें १८७५ सालीं स्वीट पी ह्या फुलवेलीचे दाणे आकारमानाप्रमाणें निवडून सात मित्रांकडे पेरावयास पाठविले आणि आलेलें बीं परत मागवून मोजलें. मोठ्या दाण्यांची संतति मोठी निपजली, पण मातृबीजाइतकी मोठी नव्हे. लहानांची लहान, पण तितकी लहान नव्हे. पुढची पिढी सरासरीकडे परतत होती. १८७७ सालीं त्यानें हें व्याख्यानांत मांडलें, आणि पुढें माणसांच्या उंचीविषयीं तोच प्रकार दाखवितांना ‘रिग्रेशन’ हा शब्द योजिला. (ह्याच गृहस्थानें सुप्रजननाच्या नांवाखालीं जो पसारा मांडला त्याचीं कडू फळें जगानें पुढें चाखलीं, हेंही येथें सांगितलें पाहिजे.) ज्या जालन्यांत १९६४ सालीं बद्रीनारायण बारवाले ह्यांनीं ‘महिको’ ही बियाण्यांची कंपनी काढली, ज्या कार्याबद्दल त्यांस १९९८ सालीं जागतिक अन्न पुरस्कार मिळाला, आणि ज्या गांवांत बियाण्यांच्या धंद्यावर कितीएक कुटुंबें पोसलीं जातात, तेथील मुलानें बियाण्यांतून जन्मलेला हा विषय अमेरिकेंतील घरांच्या किंमतींवरून शिकावा, हा योग विलक्षण खरा!

हीं घरें पोर्टलंड शहरचीं. आणि तीं ज्या पाठांत येतात ते स्टॅन्फर्ड विद्यापीठाच्या प्रा. अँड्र्यू एंग ह्यांचे. २०११ सालीं ते प्रथम सर्वांस खुले झाले तेव्हां लाखाहून अधिक लोकांनीं नांवें नोंदविलीं. ४७ घरांचीं क्षेत्रफळें आणि किंमती, त्यांत २,१०४ चौरस फुटांचें एक घर ४,६०,००० डॉलरांचें. एवढ्या सामग्रीवर प्राध्यापकमहाशय इमारत रचतात. त्यांचा आवाज शांत, घाई नाहीं, आणि शिकणाऱ्यास धीर देण्याची हातोटी अशी कीं, आमच्यासारख्या गणितभीरूसही पहिले चार पाठ कादंबरीसारखे वाटले. रेषेची चूक मोजणारा एक वाडगा ते आपल्या डोळ्यांपुढें उभा करितात, आणि टेकडीवरून उतरणाऱ्या माणसाप्रमाणें जिकडे उतार अधिक तिकडे एकेक पाऊल टाकीत तळ गांठावयास शिकवितात. एका सरळ रेषेसाठीं हा द्राविडी प्राणायामच. पण पुढें यंत्रांस शिकविण्याच्या विद्येंत हीच वाट लागते, म्हणून तो क्षम्य आहे. दोष निराळाच आहे. चुकीच्या ह्या मापास ते ‘कॉस्ट फंक्शन’ म्हणतात. उदाहरण घरांच्या किंमतींचें आणि मापाचें नांवही ‘कॉस्ट’! आमचा मंठ्याचा विद्यार्थी तीन आठवडे ही ‘कॉस्ट’ म्हणजे घराची किंमतच समजत होता, आणि ती कमींत कमी करावयाची म्हणजे घर स्वस्तांत पाडून घ्यावयाचें अशी त्याची समजूत होती. ही चूक मुलाच्या बुद्धीची नव्हे. परभाषेंतून शिकणाऱ्याच्या पायांत असे कांटे मोडतात आणि शिकविणाऱ्यास त्यांची वार्ताही नसते. आय. आय. टी. मुंबईच्या ‘स्पोकन ट्युटोरियल’ प्रकल्पानें संगणकाच्या अनेक साधनांचे पाठ मराठींतही उपलब्ध करून दिले आहेत, ही उपकाराची गोष्ट. परंतु तेथें भर साधन चालविण्यावर आहे.

सलमान खान ह्यांच्या ‘खान अकॅडमी’चे पाठ त्रोटक, परंतु प्रामाणिक आहेत. किमान वर्गांचें सूत्र ते नुसतें सांगत नाहींत. काळ्या फळ्यावर रंगीत अक्षरांनीं बीजगणिताची पायरीन्‌पायरी चढून सिद्ध करून दाखवितात. आमच्या देशांतील ‘एन्‌पीटेल’ ह्या उपक्रमांत खरगपूरच्या प्रा. सौमेन मैती ह्यांची समाश्रयणावर स्वतंत्र व्याख्यानमाला आहे. ती रुक्ष आहे, हें कबूल केलें पाहिजे. पण रेषा काढून झाल्यावर ती त्या बिंदूंस शोभते कीं नाहीं, एखादाच बिंदु सगळ्या रेषेस आपल्याकडे ओढीत तर नाहीं ना, ही तपासणी इतर पाठ उरकून टाकतात आणि येथें ती सविस्तर होते. दूध आटवून खवा करणाऱ्याची चिकाटी ज्यांच्या अंगीं आहे त्यांनींच ह्या मालेच्या वाटेस जावें.

आमचें मन मात्र जडलें तें प्रा. गिल्बर्ट स्ट्रँग ह्यांच्या व्याख्यानांवर. एम्‌. आय. टी. च्या वर्गांत १९९९ सालीं चित्रित झालेलीं हीं व्याख्यानें वस्तुतः रेषीय बीजगणिताचीं. समाश्रयण तेथें पाहुण्यासारखें येतें. साहित्य खडू आणि फळा. बिंदु तीनच : पहिल्या क्षणीं १, दुसऱ्या क्षणीं २, तिसऱ्या क्षणींही २. हे तिन्ही एका सरळ रेषेंत बसत नाहींत, हें लहान मुलासही दिसतें. मग सर्वांत जवळची रेषा कोणती? प्राध्यापक म्हणतात, ज्याप्रमाणें वस्तूपासून जमिनीवर लंब टाकावा, त्याप्रमाणें ह्या तीन आंकड्यांची छाया शक्य रेषांच्या प्रतलावर पाडा. उत्तर येतें : दोनतृतीयांशापासून आरंभ आणि प्रत्येक क्षणास अर्ध्याची वाढ. तिन्ही ठिकाणीं उरणाऱ्या चुका पाहिल्या तर पहिल्या आणि तिसऱ्या जागीं बिंदु रेषेखालीं एकषष्ठांश, मधल्या जागीं रेषेवर एकतृतीयांश. बेरीज शून्य, वर्गांची बेरीज एकषष्ठांश. हें गणित आम्हीं स्वतःच्या हातानें चार वेळां चुकलों आणि पांचव्या वेळीं साधलें. त्या रात्रीं झालेला आनंद शेक्सपिअर प्रथम समजला त्या दिवसाच्या आनंदाहून फारसा उणा नव्हता.

ऑगस्टमध्यें विद्यार्थी पुन्हां आला. त्यानें आमच्या दुप्पट पाठ पाहिले होते, तेही दीडपट वेगानें. आम्हीं स्ट्रँगांचे तेच तीन बिंदु कागदावर मांडून पेन्सिल पुढें केली. मुलगा बावरला. संगणकास एक ओळ लिहिली कीं उत्तर येतें, तें त्यास ठाऊक. पण उत्तर कोठून येतें तें हातास ठाऊक नव्हतें. विहिरीच्या काठावर बसून चाळीस जणांचें पोहणें पाहिलें तरी पाणी आपल्या नाकांत जात नाहीं, आणि पाणी नाकांत गेल्याविना कोणी पोहावयास शिकत नाहीं. ह्या पाठांचा मोठा दोष हाच कीं, ते फार चांगले आहेत. समजल्याचा भास ते इतक्या सुबकपणें देतात कीं, न समजल्याची जाणीव होण्यास जागाच उरत नाहीं. तासाभरानें मुलानें तें गणित हातानें सोडविलें, तेव्हां त्याचा चेहराही आमच्यासारखाच उजळला.

मग आम्हीं त्यास घरचे आंकडे आणावयास सांगितलें. कापूस विकल्याच्या जुन्या हिशेबपट्ट्या वडिलांनीं पत्र्याच्या पेटींत जपून ठेविल्या होत्या. पावसाचे आंकडे महसूल मंडळाच्या पर्जन्यमापकाचे मिळाले. रेषा निघाली, आणि ती वर चढणारी निघाली : पाऊस अधिक तर कापूस अधिक. एक बिंदु मात्र रेषेच्या फार खालीं लोंबत होता. तो २०१७ चा. “हा वगळू का, सर? रेषा चांगली बसेल,” मुलानें विचारलें. वडील तोंवर गप्प बसले होते. ते म्हणाले, “ते बोंडअळीचं साल. ते कसं वगळतोस, बाबा? त्याचं कर्ज आपण अजून फेडतोय.” गुलाबी बोंडअळीनें त्या वर्षीं महाराष्ट्रांतील कपाशीची काय दैना केली तें वाचकांस स्मरत असेल. रेषेस तें ठाऊक असण्याचें कारण नव्हतें. तिला पावसाखेरीज कांहींच सांगितलेलें नव्हतें.

सप्टेंबरांत मराठवाड्यावर अतिवृष्टि कोसळली. रेषेच्या हिशेबानें त्या पावसांत कापूस ओसंडून वाहावयास पाहिजे होता. शेतांत बोंडें सडत होतीं. पेटींतल्या पट्ट्यांमध्यें इतक्या पावसाचें एकही वर्ष नव्हतें, आणि ज्या प्रदेशांत बिंदु नाहींत तेथें रेषा लांबवीत नेली तर ती निर्लज्जपणें सरळच जाते. पाठांतून हा इशारा दिलेला असतो. पण पोर्टलंडच्या घरांविषयीं ऐकलेला इशारा मंठ्याच्या शेतांत आठवत नाहीं.

मोठमोठ्यांसही हा अनुभव चुकलेला नाहीं. सर गिल्बर्ट वॉकर हे केंब्रिजचे गणिती १९०४ सालीं हिंदी हवामानखात्याचे प्रमुख झाले, आणि दूरदूरच्या देशांतील हवेचा दाब व आपला मोसमी पाऊस ह्यांचे सहसंबंध शोधून त्यांनीं समाश्रयणाच्या साहाय्यानें पावसाचे अंदाज बांधले. त्यांतले कित्येक संबंध पुढच्या दशकांत दुबळे पडले. आमचे पुण्याचे डॉ. वसंत गोवारीकर ह्यांच्या पुढाकारानें १९८८ पासून १६ घटकांचें समाश्रयण वापरांत आलें आणि अनेक वर्षें त्यानें लौकिक राखला. २००२ सालीं सरासरीच्या १०१ टक्के पावसाचा अंदाज होता. पडला ८१ टक्के. पुढच्याच वर्षीं खात्यानें नवीं समीकरणें घेतलीं. ह्यांत गोवारीकरांची थोरवी उणी होत नाहीं. त्यांनीं शेतकऱ्यास आंकड्यांत उत्तर देण्याचें धाडस केलें, म्हणून तर तें उत्तर चुकलें हें आंकड्यांत कळलें. मोघम भविष्य सांगणाऱ्यांवर ही पाळी कधींच येत नाहीं.

विनायक गोविंद पानसे आणि पांडुरंग वासुदेव सुखात्मे ह्या दोघां मराठी संख्याशास्त्रज्ञांनीं शेतकी संशोधकांसाठीं लिहिलेला इंग्रजी ग्रंथ १९५४ सालीं प्रसिद्ध झाला. त्यांत वाडग्याचें चित्र नाहीं आणि धीर देणारा आवाजही नाहीं. आहेत तीं शेतांचीं आणि पिकांचीं उदाहरणें. स्ट्रँगांचा खडू आणि ह्या ग्रंथांतलीं शेतें एकत्र आणून मराठींत वीस पाठ करण्यास बदनापूरच्या कृषि संशोधन केंद्रासारखी जागा आणि तेथील तुरीचे आंकडे ह्यांहून अधिक कांहीं लागेल असें आम्हांस वाटत नाहीं. आमच्या महाविद्यालयांतील गणिताच्या सहकाऱ्यांपुढें ही गोष्ट आम्हीं काढली आहे. ते हंसले, पण नाहीं म्हणाले नाहींत.

बापलेकांस आम्हीं सांगितलें तें असें : कर्ज काढूं नका. विद्या म्हणून जें विकत मिळणार, तें ह्या पाठांत त्याहून सरस आहे. कमी आहे ती पेन्सिल, आणि ती कोणत्याही फींत मिळत नाहीं. ज्यांस घरीं बसून पेन्सिल धरवतच नाहीं, कोणी समोर उभें असल्यावांचून ज्यांचें चित्त ठरत नाहीं, अशांस मात्र वर्गाचा उपयोग होईल. त्यांच्याविषयीं आमचा आग्रह नाहीं. वडिलांस हें पटलें कीं फी वांचली म्हणून आनंद झाला, तें सांगतां येत नाहीं.

मुलाच्या वहींत आतां पाऊस आणि कापूस ह्यांच्या शेजारीं तिसरा रकाना आहे, आणि त्यांत कोणत्या वर्षीं कीड पडली, कोणत्या वर्षीं दुबार पेरणी झाली, तें वडील सांगतील तसें तो लिहितो. २०२५ चा बिंदु मांडावयाचा राहिला तेव्हां तो उतावळा झाला होता. “वेचणी तर संपू दे,” वडील म्हणाले.