हरिश्चंद्राचा मसणवटा आणि आमचा

मराठी चित्रपटाचा इतिहास लिहिणारे बहुतेक लेखक ३ मे १९१३ या तारखेपाशी नतमस्तक होतात. त्या दिवशी मुंबईत, गिरगावच्या कॉरोनेशन सिनेमॅटोग्राफमध्ये दादासाहेब फाळक्यांचा 'राजा हरिश्चंद्र' लोकांपुढे आला. फाळक्यांचे धाडस मला नाकारायचे नाही. विम्याची पॉलिसी गहाण टाकून हा माणूस १९१२ साली लंडनला गेला, कॅमेरा मिळवला, आणि परत येऊन समुद्रकाठच्या दादरला त्याने सेट उभारला. सरस्वतीबाईंनी फिल्मला भोके पाडली, वर मंडळींचा स्वयंपाकही केला. तारामतीसाठी बाई मिळेना, तेव्हा हॉटेलात काम करणाऱ्या अण्णा साळुंके यांना लुगडे नेसवावे लागले. हे सारे मान्य.

माझा प्रश्न कथेचा आहे. हरिश्चंद्र सत्यासाठी राज्य देतो, बायको-मुलगा विकतो आणि शेवटी काशीच्या स्मशानात डोंबाचा चाकर होतो. प्रेक्षकांचे डोळे भरून येतात ते इथे. का? तर प्रेतामागे कर वसूल करण्याचे काम राजाच्या वाट्याला आले म्हणून! डोंब पिढ्यान्‌पिढ्या तेच करीत आला. त्याच्यासाठी कुणाच्या डोळ्यांत पाणी आले नाही. माझे आजोबा अकोल्याजवळच्या खेड्यात महारकी करीत. मयताचा सांगावा घेऊन पायी परगावी जायचे, मसणवट्यात लाकडे वाहायची आणि प्रेतावरचे कापड हक्क म्हणून घरी आणायचे. त्या कापडाची अंगरखी आमच्या घरातल्या पोरांनी घातली. याला कुणी सत्त्वपरीक्षा म्हटले नाही आणि परीक्षा संपल्याचे सांगायला देवही प्रकट झाला नाही.

मार्कंडेय पुराणाने तर कमाल केली आहे. तिथे राजाला विकत घेणारा चांडाळ शेवटी वेष पालटलेला धर्म निघतो. म्हणजे राजा तात्पुरता अस्पृश्य, मालक बनावट अस्पृश्य, आणि खरा चांडाळ सबंध कथेच्या केंद्रात कुठेच नाही. सत्याचा महिमा गाणाऱ्या कथेत एवढे एक सत्य तेवढे झाकलेले राहते.

ही कथा प्रेक्षकांच्या ओळखीची होती, म्हणून फाळक्यांनी ती घेतली, असा युक्तिवाद केला जाईल. खरे आहे. पण ओळखीची कुणाच्या? १३ नोव्हेंबर १९२७ रोजी अमरावतीच्या इंद्रभुवन थिएटरात बाबासाहेबांच्या अध्यक्षतेखाली वऱ्हाडातली अस्पृश्य मंडळी जमली, ती अंबादेवीच्या मंदिरप्रवेशासाठी. पडद्यावरचे देव तोवर तिकिटाला दिसू लागले होते. देवळातला देव मात्र जात विचारीतच होता.

कोल्हापूरच्या बाबूराव पेंटरांनी १९२५ साली 'सावकारी पाश' काढून पुराणाबाहेर पाऊल टाकले, हे मी फार मोठे मानतो. त्यांचा नायक सावकाराच्या कचाट्यात जमीन गमावणारा शेतकरी होता. गमवायला जमीनच नसलेल्याची कथा त्यानंतरही थांबून राहिली.

नागराज मंजुळे यांचा 'फँड्री' २०१३ चा, म्हणजे बरोबर शंभर वर्षांनंतरचा. त्यातल्या कैकाडी कुटुंबाला गावासाठी डुकरे धरावी लागतात. मेलेले डुक्कर बांबूला टांगून ते शाळेच्या भिंतीवरून चालले आहेत आणि भिंतीवर बाबासाहेब, सावित्रीबाई, गाडगेबाबा रंगवलेले आहेत. गाडगेबाबा आमच्या अमरावती जिल्ह्यातले, शेंडगावचे. इथे हलके काम कुणाच्या कसोटीसाठी आलेले नाही. ते करणारा माणूसच पडद्याच्या मध्यभागी आहे आणि त्याला नाव आहे.

अकोल्या-अमरावतीच्या महाविद्यालयांत चित्रपटाचा इतिहास शिकवताना हे दोन चित्रपट एकाच दिवशी दाखवावेत, अशी माझी सूचना आहे. 'राजा हरिश्चंद्र'ची सगळी रिळे उरलेली नाहीत. पुण्याच्या संग्रहालयात आहेत तेवढी पुरेत.