कानाचा कौल आणि मीटरचा काटा

‘जुन्या व्हॉल्व्हच्या अँप्लिफायरचा आवाज गोड असायचा, नव्या यंत्रांत ती मजा नाही’ हे वाक्य आपण सर्वांनी कधी ना कधी ऐकले आहे. विज्ञान शिकवणारी माणसे त्यावर बहुधा दोनपैकी एक उत्तर देतात. एक, ‘हे मनाचे खेळ आहेत, मीटर लावून पाहा.’ दुसरे, ‘आवडीनिवडीत विज्ञानाला काय कळणार?’ माझ्या मते ही दोन्ही उत्तरे आळशी आहेत.

पहिल्या उत्तरामागे एक प्रसिद्ध व्याख्या आहे. आदर्श अँप्लिफायर म्हणजे आवाज वाढवणारी सरळ तार. ब्रिटिश अभियंता पीटर वॉकर यांच्या नावावर ती सांगितली जाते. आत गेला तोच संदेश फक्त मोठा होऊन बाहेर यावा; त्यात काही मिसळले तर ते विरूपण. व्याख्या चोख आहे, मोजता येण्याजोगी आहे. पण ऐकणाऱ्याला काय आवडेल, हे ती सांगत नाही. तिच्यावर तो भार टाकला की घोटाळा होतो.

१९८५ सालची एक गोष्ट पाहू. बॉब कार्व्हर या अमेरिकी अभियंत्याने ‘स्टिरिओफाइल’ मासिकाला आव्हान दिले. तुम्ही हवा तो अँप्लिफायर निवडा, माझा ट्रान्झिस्टरचा स्वस्त अँप्लिफायर मी हुबेहूब तसा वाजवून दाखवतो. मासिकाने व्हॉल्व्हचा, कितीतरी महाग अँप्लिफायर निवडला. कार्व्हरने दोन्हींना एकच संदेश दिला आणि बाहेर येणाऱ्या संदेशांची वजाबाकी होऊन फक्त फरक उरेल अशी जोडणी केली. हा फरक जवळजवळ नाहीसा होईपर्यंत तो आपल्या यंत्रात बदल करत राहिला. शेवटी समीक्षकांना दोन्हींत भेद करता आला नाही. पुढे कारखान्यात तयार झालेल्या प्रती तितक्याच जुळतात का, यावर वाद झाला. पण आपला मुद्दा त्याने बदलत नाही.

मुद्दा असा, की हे साधण्यासाठी कार्व्हरला ‘सरळ तारे’च्या कसोटीवर आपला अँप्लिफायर बिघडवावा लागला! त्याने त्याचा अंतर्गत रोध वाढवला. विद्युतघटाचा अंतर्गत रोध आपण दहावीच्या आसपास शिकवतो, तोच हा प्रकार. ‘८ ओहम’ असे लिहिलेल्या स्पीकरचा रोध सर्व वारंवारतांना ८ ओहम नसतो. समजा, तो कुठे ६, तर कुठे ३० ओहम आहे. व्हॉल्व्हच्या अँप्लिफायरचा अंतर्गत रोध २ ओहम धरा. मग स्पीकरला पहिल्या ठिकाणी व्होल्टतेचा ६/८, म्हणजे ७५ टक्के भाग मिळेल आणि दुसऱ्या ठिकाणी ३०/३२, म्हणजे सुमारे ९४ टक्के. हा फरक जवळजवळ २ डेसिबलचा होतो. अंतर्गत रोध ०.०५ ओहम असेल, तर हाच फरक ०.०६ डेसिबलच्या आसपास राहतो. म्हणजे व्हॉल्व्हचा अँप्लिफायर स्पीकरच्या स्वभावाप्रमाणे काही स्वर उचलून धरतो. ‘भरदार’ वाटण्याचे एक कारण इथे, ओहमच्या नियमात सापडते. तो मनाचा खेळ नव्हे.

दुसरे कारण विरूपणाच्या जातीत आहे. षड्ज २४० हर्ट्‌झचा धरला, तर काही व्हॉल्व्ह मंडले त्यात प्रामुख्याने ४८० हर्ट्‌झची, म्हणजे तार षड्जाची भर घालतात. ती कानाला परकी वाटत नाही. उलट, कमी दर्जाच्या ट्रान्झिस्टर मंडलात एक ट्रान्झिस्टर थांबून दुसरा काम सुरू करतो, त्या सांध्यावर खाच पडते. तिच्यातून वरच्या पट्टीचे, न जुळणारे स्वर निघतात आणि हळू आवाजात ते जास्त बोचतात. दोन्हींवर ‘विरूपण १ टक्का’ असे लिहिलेले असू शकते, पण कानाला ते १ टक्के सारखे नाहीत. बीबीसीचे डी. ई. एल. शॉर्टर यांनी १९५० मध्येच वरच्या संनादींना जास्त वजन देऊन मोजणी करावी, असे सुचवले होते.

म्हणजे ‘कानाला कळते तेच खरे’ असे म्हणायचे का? इथे माझी फजिती सांगतो. काही वर्षांपूर्वी मी बराच खर्च करून ट्रान्झिस्टरचा नवा अँप्लिफायर घेतला आणि जुन्यापेक्षा तो किती स्पष्ट वाजतो, हे मित्राला कौतुकाने ऐकवले. त्याने मुकाट्याने स्पीकरच्या टोकांना व्होल्टमीटर लावला. नवा सुमारे १२ टक्के जास्त व्होल्टता देत होता, म्हणजे १ डेसिबल. एवढी वाढ ‘मोठा आवाज’ म्हणून जाणवत नाही, ‘चांगला आवाज’ म्हणून जाणवते. आवाज जुळवून, पडद्याआड नाणे उडवून त्याने मला १६ वेळा ऐकवले. माझी ९ उत्तरे बरोबर आली. नुसत्या अंदाजाने सरासरी ८ येतात! निदान १२ आली असती, तर मी दावा करू शकलो असतो, कारण अंदाजाने तेवढी येण्याची शक्यता ४ टक्क्यांहून कमी आहे. डॉक्टरेट असूनही मी स्वतःवर हा साधा प्रयोग केला नव्हता.

तेव्हा प्रश्न दोन आहेत. फरक ऐकू येतो का, हा पहिला. त्याचे उत्तर डोळे झाकून, आवाज जुळवूनच द्यावे लागते. ऐकू येत असेल, तर कोणता आवडतो, हा दुसरा. तिथे मीटरला मत नाही.

आवडीचा हा हक्क मात्र सबब होऊ नये. तंबोऱ्याच्या घोडीवर तारेखाली धागा सरकवून जवारी लावतात, तेव्हा तारेतून वरचे स्वर उमलतात. त्याला विरूपण म्हणणारा माणूस मिरजेत कुणी ऐकून घेणार नाही. मग अँप्लिफायरने घातलेली भर का नको? फरक असा, की जवारी त्या वाद्यासाठी, त्या गळ्यासाठी ऐकून ऐकून लावलेली असते. अँप्लिफायर गायकाला न विचारता सगळ्यांना एकच जवारी लावतो. शिवाय दोन स्वर एकत्र आले की त्यांच्या बेरजेचे आणि वजाबाकीचे स्वरही तो निर्माण करतो. २४० चा षड्ज आणि २७० चा रिषभ यांतून ५१० आणि ३० निघतात. ५१० तार षड्जही नाही आणि तार रिषभही नाही. एकट्या बासरीला गोड करणारे यंत्र भरगच्च वाद्यवृंदाचा चिखल करते, ते यामुळे. तेव्हा गोडवा आवडला तर जरूर घ्यावा, पण ‘हेच खरे गाणे’ असे म्हणू नये.

वर्गात हा प्रयोग करायला महाग यंत्र लागत नाही. एकच गाणे, एकच स्पीकर, दोन साधे अँप्लिफायर, एक व्होल्टमीटर, एक पडदा आणि एक नाणे पुरे. आधी मुलांना उघड्या डोळ्यांनी मत लिहायला सांगा, मग पडद्याआडून. दोन्ही कागद शेजारी ठेवले की पुढचे बोलणे मुलेच करतील. पण सुरुवात शिक्षकाने स्वतःच्या कागदापासून करावी.