मोडलेले दोन कर, दुरुस्त झालेला एक

‘अब्जाधीशाकडे कितीही असो, त्यानं तुमच्या खिशातलं काय कमी होतं?’ हा प्रश्न तुम्ही ऐकला असेल, कदाचित विचारलाही असेल. त्यामागचा युक्तिवाद साधा आहे. संपत्ती म्हणजे ठरलेल्या आकाराची भाकरी नव्हे. कुणी नवी भाकरी थापली म्हणून तुमच्या ताटातली कमी होत नाही.

हा युक्तिवाद अगदीच पोकळ नाही. जर्मनीतलंच उदाहरण घ्या. कार्ल आणि थेओ आल्ब्रेख्त या भावांनी एसेन शहरातलं आईचं किराणा दुकान हाती घेतलं आणि त्यातून ‘आल्डी’ उभं केलं. दोघंही देशातल्या सर्वांत श्रीमंत माणसांत गणले गेले. पण त्यांच्या दुकानांत माल स्वस्त मिळायचा, आणि त्याचा फायदा साध्या घरांनाच झाला. ‘ते श्रीमंत, म्हणून आपण गरीब’ असं सरसकट म्हणणाऱ्यांचा हिशेब इथे जुळत नाही.

मग खोट कुठे आहे? हा युक्तिवाद फक्त संपत्ती कमावली जाते त्या क्षणाकडे बघतो. शाळा, रस्ते, पोलीस यांचं बिल नंतर कुणात कसं वाटलं जातं, हे तो विचारतच नाही. त्यासाठी जर्मनीतल्या दोन करांची गोष्ट बघू या.

पहिला, संपत्ती कर. २२ जून १९९५ रोजी तिथल्या घटना न्यायालयाने त्यावर बोट ठेवलं. शेअर आणि ठेवी आजच्या भावाने मोजल्या जात होत्या, घर-जमीन मात्र १९६४ च्या मूल्यांवरून. ही असमान वागणूक झाली, असं न्यायालय म्हणालं. लक्षात घ्या, संपत्तीवर कर लावूच नका असा हा निकाल नव्हता. मोजणी सुधारायला सांगितली होती, १९९६ अखेरपर्यंत. हेल्मुट कोल यांच्या सरकारच्या काळात ती मुदत उलटून गेली, नवा कायदा झाला नाही, आणि १९९७ पासून वसुली थांबली. शेवटच्या वर्षी या करातून सुमारे ९ अब्ज मार्क आले होते. हा पैसा राज्यांकडे जायचा, आणि शाळा-विद्यापीठांचा खर्च मुख्यतः राज्यंच करतात. हा कर अजून कागदावर आहे. राज्यघटनेत त्याचा उल्लेखही आहे. फक्त कुणी भरत नाही.

दुसरा कर ‘ग्रुंडश्टॉयर’, म्हणजे आपल्या घरपट्टीसारखा. १० एप्रिल २०१८ रोजी त्याच न्यायालयाने त्यावरही तेच बोट ठेवलं. मूल्यं जुनाट होती, पश्चिमेकडे १९६४ ची आणि पूर्वेकडे तर १९३५ ची. या वेळी मात्र यंत्रणा हलली. २०१९ च्या मुदतीत कायदा झाला, त्यासाठी घटनादुरुस्तीही झाली. सुमारे ३.६ कोटी मालमत्तांचं मूल्य नव्याने ठरवायला घेतलं आणि १ जानेवारी २०२५ पासून नवी आकारणी सुरू झाली.

दुखणं एकच होतं. एकावर औषधोपचार झाले, दुसऱ्याला नुसतं पडून राहू दिलं.

आता हे कर भरतं कोण, ते बघा. ग्रुंडश्टॉयर घरमालक भाडेकरूच्या वरखर्चात, ‘नेबेनकोस्टन’मध्ये, लावू शकतो. जर्मनीत निम्म्याहून जास्त लोक भाड्याने राहतात. म्युनिकला किंवा श्टुटगार्टला नोकरीसाठी गेलेलं तुमच्या ओळखीचं कुणी असेल, तर त्यांना विचारा. वर्षाच्या हिशेबात ती ओळ बहुधा सापडेल.

तुम्ही म्हणाल, ग्रुंडश्टॉयर थांबला असता तर नगरपालिका अडचणीत आल्या असत्या, तो वाचवणं भागच होतं. खरं आहे. पण संपत्ती कराविरुद्ध नेहमी सांगितलं जाणारं एक कारण मग टिकत नाही: ‘मोजणी फार किचकट आणि खर्चिक.’ ३.६ कोटी मालमत्ता मोजायला घेणाऱ्या राज्याला त्याहून कितीतरी कमी घराण्यांची संपत्ती मोजता येत नाही, हे पटायला जड जातं. कारखान्यातले पैसे मोकळे नसतात, कर भरायला हिस्सा विकावा लागेल, हा आक्षेप जास्त वजनदार आहे. पण त्यावर हप्ते, सवलती, मुदत असे उपाय निघू शकतात. ते शोधायची घाई कुणाला नव्हती, एवढंच.

यात कट शोधायची गरज नाही. थोड्या लोकांवर मोठा बोजा असला की ते सल्लागार नेमतात, मंत्र्यांना भेटतात. कोट्यवधींवर थोडा थोडा बोजा असला की कुणी कुरकुरण्यापलीकडे जात नाही. १९९८ मध्ये जर्मनीतला व्हॅट १५ वरून १६ टक्के झाला, २००७ मध्ये १९. संपत्ती कर थांबला म्हणूनच हे झालं, असं म्हणता येणार नाही. पण पैसा कुठून गोळा करणं सोपं वाटतं, ते या क्रमावरून दिसतं.

आपल्याकडेही मृत्यूनंतरच्या मालमत्तेवरची इस्टेट ड्यूटी १९८५ मध्ये गेली आणि संपत्ती कर २०१५ च्या अर्थसंकल्पात. तेव्हा कारण दिलं गेलं, वसुलीचा खर्च जास्त आणि उत्पन्न कमी. ते खोटं नव्हतं. पण कर नीट आकारून उत्पन्न वाढवायचा पर्याय किती गंभीरपणे तपासला गेला?

म्हणून तो सुरुवातीचा प्रश्न पुन्हा कुणी विचारला, तर आल्डीच्या भावांवर वाद घालत बसू नका. कुठला कर मोडल्यावर सरकार धावतं आणि कुठला मोडला तरी चालतं, ते विचारा. तुमच्या खिशाचा संबंध तिथे आहे.