कॅरिओग्रामचा हिरवा तुकडा आणि आपली घाई

समजा, तुमच्यासमोर एक शोधनिबंध आहे. १८ ते २५ वयाचे विद्यार्थी, एकदाच केलेली दातांची तपासणी, कॅरिओग्रामने काढलेली जोखीम आणि निष्कर्ष असा: ज्यांची जोखीम जास्त, त्यांच्या दातांत कीड जास्त, म्हणून साधन विश्वासार्ह. पी-व्हॅल्यूही झकास. मान डोलवण्याआधी जरा थांबा.

कॅरिओग्राम हा स्वीडनमधल्या माल्मो इथे डग्लस ब्राथॉल यांनी विकसित केलेला संगणक प्रोग्राम. दिवसातून किती वेळा खाता, प्लाक किती, लाळ किती स्रवते, फ्लोराइड मिळतं का, अशा घटकांना गुण दिले की तो एक पाय-चार्ट काढतो. त्यातला हिरवा तुकडा म्हणजे नवी कीड टाळण्याची शक्यता. पेशंटला समजावून सांगायला हे चित्र छानच आहे. त्याबद्दल तक्रार नाही.

तक्रार आपल्या वापराबद्दल आहे. त्या घटकांमध्ये ‘आधीची कीड’ हाही एक घटक आहे. म्हणजे किडलेले, किडीमुळे गेलेले आणि भरलेले दात मोजून येणारा डीएमएफटीचा आकडा आपण साधनात आधीच घातलेला असतो. मग बाहेर आलेल्या जोखमीची तुलना त्याच डीएमएफटीशी केली, तर नातं सापडणारच की! स्वतःच डब्यात ठेवलेला लाडू स्वतःच शोधून काढायचा आणि वर शाबासकी घ्यायची, असं हे झालं.

जोखीम म्हणजे उद्याची गोष्ट. ती तपासायला आज गुण द्या, दोन-तीन वर्षांनी तेच दात पुन्हा बघा आणि फक्त नवी कीड मोजा. शिवाय हेही विचारा की, नुसत्या जुन्या किडीवरून केलेल्या अंदाजापेक्षा हे साधन खरंच सरस ठरतं का?

तरुणांच्या बाबतीत आणखी दोन खाचा आहेत. तारा लावण्यासाठी काढलेले दात चुकून ‘किडीमुळे गेलेले’ धरले जातात. आणि खड्डा पडल्यावरच कीड मोजली, तर सुरुवातीचे पांढुरके डाग निसटतात.

हे सगळं कशासाठी? एक काल्पनिक हिशेब करू. १,००० तरुणांपैकी २०० जणांना पुढे कीड होणार आहे. साधनाची संवेदनशीलता ७० टक्के असेल, तर त्यातल्या ६० जणांना आपण ‘तुम्ही सुरक्षित’ असं सांगून घरी पाठवू. विशिष्टता ८० टक्के असेल, तर उरलेल्या ८०० पैकी १६० जणांना उगाच घाबरवू. पी-व्हॅल्यूत ही माणसं दिसत नाहीत.

म्हणून पुढचा निबंध हातात घ्याल, तेव्हा निष्कर्ष नंतर वाचा. आधी पद्धतीच्या भागात दोनच गोष्टी शोधा: साधनात काय घातलं आणि ते कशाशी ताडून पाहिलं? दोन्हीकडे एकच आकडा निघाला, तर त्या निबंधाने भविष्य सांगितलेलं नाही. स्वतःचा प्रबंध आखतानाही हेच दोन प्रश्न गाईडच्या आधी स्वतःला विचारा.