मायदेशातला परका भाडेकरू

डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या विपुल ग्रंथसंपदेत ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ हे लेखन आकाराने अगदी लहान. १९३५-३६ च्या सुमारास इंग्रजीत लिहिलेल्या या आठवणी त्यांच्या हयातीत छापल्या गेल्या नाहीत. पीपल्स एज्युकेशन सोसायटीने १९९० साली त्या पुस्तिकारूपाने प्रसिद्ध केल्या. पुढे १९९३ साली महाराष्ट्र शासनाच्या ग्रंथमालेतील बाराव्या खंडात त्यांचा समावेश झाला. या लेखनातील बडोद्याच्या प्रकरणाचाच विचार आम्ही येथे करीत आहोत. चाकणसारख्या औद्योगिक गावात राहणाऱ्या ख्रिस्ती कुटुंबांनी ते वाचावे, असे आम्हांस मनापासून वाटते.

प्रसंग १९१७ सालचा. अमेरिकेत आणि इंग्लंडमध्ये शिकून आलेला एक तरुण, गायकवाड सरकारच्या शिष्यवृत्तीची परतफेड म्हणून नोकरीसाठी बडोद्यास उतरतो. परदेशातील वर्षांत आपण अस्पृश्य आहोत ही जाणीव त्याच्या मनातून पुसून गेलेली असते. स्टेशनाबाहेर पाऊल टाकताच पहिला प्रश्न उभा राहतो, तो राहायचे कोठे हा. हिंदूंच्या खाणावळीत प्रवेश मिळणार नाही, हे त्यास ठाऊक आहे. अखेर एका पारशी धर्मशाळेत, पारशी नाव धारण करून, दिवसाला दीड रुपया देण्याच्या बोलीवर तो राहतो. अकराव्या दिवशी हाती काठ्या घेतलेले डझनभर पारशी येतात आणि संध्याकाळपर्यंत जागा सोडण्यास फर्मावतात.

या प्रकरणाचे वाङ्मयीन बळ त्याच्या हिशेबीपणात आहे. लेखक अश्रू लपवीत नाही, परंतु आक्रोशही करीत नाही. मोडक्या सामानाने भरलेला मोठा दालनवजा हॉल, वटवाघळांची फडफड, काही इंचांपलीकडे उजेड न टाकणारा कंदील, अशा वस्तूंची तो जणू यादी देतो. मुंबईची गाडी रात्री नऊला. तोवरचे पाच तास काढायचे कोठे? ते त्याने कमाटी बागेत बसून काढले. रोजचे भाडे, मुक्कामाचे दिवस आणि शेवटचे तास, एवढ्या तीन आकड्यांत माणसाच्या मानहानीचा संपूर्ण जमाखर्च मांडला गेला आहे. शेवटी सामान नेताना तो आणि धर्मशाळेचा रखवालदार, दोघांनाही शब्द फुटत नाही. भाषा येथे थांबते, आणि तेच योग्य आहे.

काठ्या घेतलेली माणसे वाचकाच्या डोळ्यांपुढून हलत नाहीत. तथापि, आमच्या मते या प्रकरणाचे मर्म त्यांच्यापाशी नाही. ती माणसे निघून गेल्यावर तो तरुण दोन मित्रांकडे आसरा मागतो. हिंदू मित्र म्हणतो की, तुम्ही आलात तर माझे नोकर निघून जातील. दुसरा मित्र ख्रिस्ती आहे. तो नकार देत नाही. पत्नी उद्या येणार आहे, तिला विचारावे लागेल, एवढेच म्हणतो. लेखकास मागाहून कळते की, ते गोड शब्दांतले टाळणेच होते. कुटुंब मूळचे ब्राह्मण. पती विचाराने उदार झाला, पण पत्नी जुन्याच वळणाची राहिली.

येथे एक गोष्ट चोखंदळ वाचकाच्या ध्यानात यावी. प्रकरणाच्या शेवटी, हिंदूंना अस्पृश्य असलेला माणूस पारशांनाही अस्पृश्यच असतो, असा निष्कर्ष लेखक काढतो. दौलताबादच्या किल्ल्यावरील १९३४ च्या प्रसंगानंतर मुसलमानांविषयीही त्याने तसेच लिहिले. ख्रिस्ती माणसाविषयी मात्र असे वाक्य त्याने लिहिलेले नाही. ते सौजन्य असेल, अथवा एका कुटुंबावरून समाजाचा निवाडा न करण्याची सावधगिरी असेल. ती रिकामी जागा आपल्या समाजाने निर्दोषत्वाचा दाखला समजू नये. बाप्तिस्मा झाला तरी उंबरठा तसाच राहतो, हे सांगण्यास तो एक परिच्छेद पुरेसा आहे.

या लेखनात उणिवा नाहीत असे नव्हे. शेवटची दोन प्रकरणे इतरांच्या अनुभवांची आहेत, त्यामुळे सूर बदलतो. शीर्षकाचा खुलासा तर कोठेच होत नाही. परंतु हा अपुरेपणाच अर्थपूर्ण ठरतो. व्हिसा लागतो तो परक्या मुलखात. परक्या मुलखात राहून आलेल्या माणसास तो आपल्याच देशात लागावा, हा त्या शीर्षकातील उपरोध आहे.

आता चाकणकडे वळू. २००९ साली फोक्सवॅगन आणि मर्सिडीज-बेंझ यांचे कारखाने येथे सुरू झाले. जर्मन, जपानी, कोरियन माणसे या पट्ट्यात दिसू लागली. विदेशी भाडेकरू आला की चोवीस तासांत त्याची माहिती परकीय नागरिक नोंदणी कार्यालयास कळवावी लागते, तेवढी खटपट घरमालक करतो. साहेबाचे घर बहुधा कंपनीच पाहते. परंतु महाळुंगे, खराबवाडी, निघोजे येथे खोली शोधणारा ओडिशाचा वा मराठवाड्याचा कामगार आधी आडनाव सांगतो, मग गाव सांगतो, मग काय खातो ते सांगतो. परदेशी माणसास पारपत्र पुरते. देशी माणसाकडे आधार कार्ड असूनही ते पुरत नाही. मांसाहाराच्या प्रश्नावर आपली ख्रिस्ती कुटुंबेही दारातून परतली आहेत. ती जेव्हा स्वतः घरमालक होतात, तेव्हा कोणते प्रश्न विचारतात?

कायद्याने हा गुंता पुरता सुटलेला नाही. संविधानाच्या पंधराव्या अनुच्छेदात दुकाने, उपाहारगृहे व हॉटेले यांचा स्पष्ट उल्लेख आहे, भाड्याच्या खासगी घराचा नाही. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ करार लेखी व नोंदणीकृत हवा असे सांगतो. घर कोणास द्यावे हे सांगत नाही. अहमदाबादच्या पारशी गृहनिर्माण संस्थेचे सभासदत्व पारशांपुरतेच ठेवणारा नियम सर्वोच्च न्यायालयाने २००५ साली वैध ठरविला. वांद्र्यात आपल्याही समाजाच्या नावाने गृहनिर्माण संस्था उभ्या आहेत. म्हणजे जेथे कायदा थांबतो, तेथून पुढचे काम घरातील माणसांचेच आहे.

संत पौल रोममध्ये दोन वर्षे भाड्याच्या घरात राहिला आणि येईल त्याचे स्वागत करीत गेला, अशी नोंद करून ‘प्रेषितांची कृत्ये’ हा ग्रंथ संपतो. त्या परक्या, पहाऱ्यातील माणसास घर देणारा कोणी तरी रोमकर होता; त्याचे नाव कोणी लिहून ठेवले नाही. बडोद्याच्या त्या ख्रिस्ती मित्राचेही नाव या प्रकरणात नाही. आपल्या खोलीसाठी उद्या कोणी दार वाजवील तेव्हा, या दोन अनामिकांपैकी कोणाच्या पंक्तीस बसावयाचे, हे पत्नीस विचारून उद्या सांगण्याचे कारण नाही.