उदगीरचा पट आणि ग्रंथांची साक्ष

पटावर बोटभर उंचीचे शिपाई मांडून जुन्या लढाया पुन्हा लढण्याचा छंद पाश्चात्त्य देशांत चांगलाच रुजलेला आहे. एच. जी. वेल्ससारख्या नामांकित लेखकाने 1913 साली त्यावर ‘लिटल वॉर्स’ हे पुस्तकच लिहिले. आमच्या औरादच्या घरीही एका भाच्याने रोमन पलटणी मांडल्या, आणि आता त्याला उदगीरची लढाई मांडावयाची आहे. “मामा, ग्रंथ कोणते घेऊ?” हा त्याचा प्रश्न आम्हांस पोरखेळाचा वाटला नाही, कारण ग्रंथ चुकला की धडाही चुकतो.

रोमन सैन्यापुरता निवाडा सोपा आहे. पॉलिबियस रोममध्ये ओलीस राहिला आणि इ. स. पू. 146 मधील कार्थेजचा पाडाव त्याने स्वतः पाहिला. म्हणून छावणीची आखणी त्याच्याच तोंडून ऐकावी. व्हेजिशियस कित्येक शतकांनंतरचा. गतकाळ आणि स्वकाळ यांचे धागे तो एकाच वस्त्रात विणतो. त्याच्या आधारे सीझरची सेना मांडणे म्हणजे नातवाच्या जबानीवर आजोबांचा खटला चालविणे होय. 1872 चा पुराव्याचा कायदा जाऊन 2024 मध्ये नवा आला, तरी ऐकीव गोष्टीला प्रत्यक्ष साक्षीचे मोल नाही, हे तत्त्व अबाधित आहे.

हीच कसोटी उदगीरला लावू. 1956 पर्यंत उदगीर आमच्या बिदर जिल्ह्यातच होते. तेथे 3 फेब्रुवारी 1760 रोजी सदाशिवरावभाऊंनी सलाबतजंग व निजामअली यांच्या वेढलेल्या फौजेस नमविले. तोफखान्यासह इब्राहिमखान गारदी भाऊंच्या बाजूस होता, आणि पुढे दौलताबाद, अशीरगड, बऱ्हाणपूर ही ठाणी पेशव्यांस मिळाली.

‘भाऊसाहेबांची बखर’ भाषेसाठी शंभरदा वाचावी. पट मांडण्यासाठी मात्र एकदाही उघडू नये. ती पानिपतानंतरची, शेवट ठाऊक असलेल्या माणसाचे ते कथन आहे. राजवाड्यांच्या ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या मालेचा पहिला खंड (1898) याच्या नेमका उलट. त्यांतील 1750 ते 1761 ची पत्रे लिहिणारास उद्याची वार्ता ठाऊक नाही. म्हणूनच ती विश्वसनीय. भाषा मोडीच्या वळणाची, फारशी शब्दांनी भरलेली. वाचकाला धीर हवा. सुरेंद्रनाथ सेन यांचा मराठ्यांच्या लष्करी व्यवस्थेवरील इंग्रजी ग्रंथ (1928) घोडदळ, पायदळ, तोफखाना यांची घडण सांगतो. परंतु तो अनेक पिढ्यांचा आढावा आहे, एका दिवसाचे रण त्यात सापडावयाचे नाही. आयर्विनचा मोगल सैन्यावरील ग्रंथ (1903) निजामाच्या बाजूस उपयोगी, पण बुसीने दक्षिणेत घडविलेल्या गारद्यांचे चित्र त्यात शोधू नये.

एक दोष मात्र राजवाड्यांच्या खंडासही चिकटतो. ती साक्ष बहुतांशी एकाच पक्षाची आहे. दुसऱ्या पक्षास ऐकल्याविना निवाडा नाही, आणि आमच्या आजोबांची हयात तर निजामाच्याच अमलात गेली. म्हणून जोडीला शेजवलकरांचे ‘निजाम-पेशवे संबंध’ आणि फारशी साधने चाळणारे सर जदुनाथ सरकार हवेत.

आता मुख्य मुद्दा. पटावर केवळ तोफा मोजल्या, तर उदगीरचा धडा एकच निघतो: गारदी आणावा आणि जिंकावे. परंतु वर्षही पुरे झाले नाही तोच, 14 जानेवारी 1761 रोजी, तोच गारदी आणि त्याच तोफा असतानाही भाऊ पानिपतावर पडले. उदगीरास ज्यांनी वेढले, तेच पानिपतास वेढले गेले. रसद तुटली आणि उपाशी सैन्य रणात उतरले. अमरेश्वराच्या जत्रेत देवणी बैलांच्या जोड्या पाहताना आम्हांस नेहमी वाटते, या मुलखातील प्रत्येक तोफेमागे असे किती बैल आणि किती कडबा लागला असेल! तो हिशेब ज्या ग्रंथात मिळेल, तो आधी घ्यावा.

भाच्यास आम्ही इतकेच सांगितले: एकच घेणे असेल तर राजवाडे घे, दोन घेतोस तर शेजवलकर, आणि शिपाई मांडण्यापूर्वी पटाच्या कडेला दाण्यागोट्याचा एक खण आखून ठेव.