क्लार्क केंट कुठे गेला?

जेम्स गन यांच्या 'सुपरमॅन'मध्ये (२०२५) एक खुलासा येतो आणि या नायकावर वर्षानुवर्षं जीव लावलेला प्रेक्षक खुर्चीतच चडफडतो. गाय गार्डनर, हिरव्या अंगठीवाला, बोलता बोलता सांगून टाकतो की बातमीदार म्हणून वावरणाऱ्या सुपरमॅनच्या, म्हणजे क्लार्कच्या, चष्म्याची लोकांवर भूल पडते. तो घातला की चेहराच वेगळा दिसतो. झालं, नुसत्या चष्म्याने सुपरमॅन ओळखू कसा येत नाही, हे कोडं सुटलं! कॉमिक्समध्ये ही युक्ती पूर्वी येऊन गेली आहे, हे मला ठाऊक आहे. तिथेही ती मला कधी पटली नव्हती.

का पटली नाही, ते १९७८ सालच्या एका प्रसंगात आहे. रिचर्ड डोनर यांच्या चित्रपटात सुपरमॅन सहकारी बातमीदार लुईसला आकाशातून फिरवून आणतो, गच्चीवरून निघून जातो आणि लगेच क्लार्क म्हणून तिच्या दारात उभा राहतो. लुईस आत वळते. क्रिस्टोफर रीव्ह चष्मा काढतो, पाठ सरळ करतो, खांदे रुंदावतात, आवाज खाली उतरतो. आता हा सगळं सांगून टाकणार, असं वाटतं. तेवढ्यात धीर सुटतो. चष्मा परत नाकावर, खांदे परत पडलेले, बोलण्यात परत अडखळ. कुठलीही ट्रिक फोटोग्राफी नाही. माणूस उडू शकतो यावर विश्वास बसावा म्हणून त्या चित्रपटाने बराच खटाटोप केला. पण माझा विश्वास बसला तो या काही क्षणांत, दोन पाय जमिनीवर असताना. रीव्हने शरीराने जे केलं, ते गन यांनी चष्म्याच्या काचेवर सोपवलं.

तरीही गन यांचा चित्रपट मला मनापासून आवडला, आणि तेही सांगायलाच हवं. झॅक स्नायडर यांच्या 'मॅन ऑफ स्टील'मध्ये (२०१३) बुडत्या बसमधल्या मुलांना वाचवल्यावर क्लार्क बापाला विचारतो, मग काय मरू द्यायचं होतं? बाप म्हणतो, कदाचित. त्या उत्तराची चीड माझ्या मनातून अजून गेलेली नाही. अख्खं मेट्रोपोलिस जमीनदोस्त होत असताना खालच्या माणसांकडे बघायला त्या सुपरमॅनला सवड नव्हती. गन यांचा सुपरमॅन (डेव्हिड कोरेन्सवेट) राक्षसाशी झुंजताना एका खारीला उचलून बाजूला नेतो. काहींना हा पोरकटपणा वाटला. मला वाटतं, या नायकाची सगळी जात त्या खारीत आहे.

आणि तो मुलाखतीचा प्रसंग! लुईसच्या (रेचेल ब्रॉस्नाहन) घरी रात्रीच्या जेवणाला क्लार्कने तिच्या आवडीचा नाश्ता केलाय. तो स्वतःच सुपरमॅनच्या मुलाखती छापतो, यावरून ती त्याला टोचते. मग मला दे की मुलाखत, म्हणते. रेकॉर्डर सुरू होतो आणि प्रेयसीची क्षणात बातमीदार होते. बोराव्हिया देशाचं आक्रमण तू कुणाला विचारून थांबवलंस? कुणाच्या वतीने? तो आधी हसून उत्तरं देतो, मग अडखळतो, मग भडकतो. माणसं मरणार होती, एवढंच त्याच्याजवळ उत्तर आहे. एक खोली, दोन माणसं, एक रेकॉर्डर. गेल्या दहा वर्षांतल्या सुपरहिरोपटांत याच्या तोडीचा प्रसंग मला आठवत नाही. (याच जोडीच्या चुंबनाला आपल्याकडे सेन्सॉर बोर्डाने कात्री लावली. प्रौढ प्रेक्षकाचा हा अपमानच.)

पण त्यानंतर? इतर सुपरहिरोंची जस्टिस गँग येते, मेटामॉर्फो येतो, 'पॉकेट युनिव्हर्स' नावाचं खिशातलं विश्व उघडतं, सुपरमॅनचा क्लोन निघतो, शहर मधोमध फाटतं. शेवटी सुपरगर्ल डोकावते, पुढच्या चित्रपटाची वर्दी द्यायला. या गर्दीत क्लार्क केंट हरवला. तो नोकरी करतो त्या डेली प्लॅनेट वर्तमानपत्राच्या कचेरीत तो जेमतेम दर्शन देतो.

हे एकट्या गन यांचं पाप नाही. २००८ मध्ये 'आयर्न मॅन'च्या शेवटी टोनी स्टार्कने पत्रकार परिषदेत आपणच तो असल्याचं जाहीर केलं. त्या वेळी आपण टाळ्या वाजवल्या, पण तिथून सुपरहिरोंची नोकरी सुटली. घरभाडं, साहेबाची बोलणी, उशीर झाला म्हणून द्यायची सबब, सगळं गेलं. सॅम रेमींच्या 'स्पायडर-मॅन २'मध्ये (२००४) पीटर पिझ्झा वेळेवर पोचवू शकत नाही आणि घरमालक भाड्यासाठी दारात उभा असतो. म्हणून तर तो रेल्वे थांबवतो तेव्हा आपला श्वास अडकतो. 'नो वे होम'ने (२०२१) शेवटच्या काही मिनिटांत त्याला पुन्हा भाड्याच्या खोलीत आणून सोडलं. ती मिनिटं आधीच्या सगळ्या हाणामारीपेक्षा मोलाची आहेत. नोलन यांच्या बॅटमॅनची थोरवी मान्य, पण अब्जाधीशाला भाड्याची चिंता नसते. ब्रायन सिंगर यांचा 'सुपरमॅन रिटर्न्स' म्हणजे नुसती आठवणींची पूजा. मल्टिव्हर्सबद्दल बोलायची माझी इच्छा नाही.

सुपरमॅन जन्माला घातला क्लीव्हलँडच्या दोन लाजाळू पोरांनी. जेरी सीगल आणि जो शुस्टर, दोघेही स्थलांतरित ज्यू घरांतले. १९३८ मध्ये त्यांनी त्याचे हक्क अवघ्या १३० डॉलरना विकले. वर्गातली मुलगी ज्याच्याकडे ढुंकून पाहत नाही, त्या पोराचं स्वप्न होतं ते: या चष्म्याआड कोण आहे, हे तुम्हाला कळलं असतं तर! लाल केप हा त्या स्वप्नाचा अर्धा भाग. दुसरा अर्धा म्हणजे कोपऱ्यातल्या टेबलावरचा टाइपरायटर. तो काढला की उरतो केवळ एक बलवान परग्रहवासी, आणि तसे आता ढिगाने आहेत.

गन यांचे चाहते म्हणतील, मुलाखतीच्या प्रसंगात क्लार्कच तर आहे. नाही. लुईसला सगळं ठाऊक आहे, त्यामुळे तिथे क्लार्कला सोंग वठवावं लागत नाही. तो प्रसंग थोर आहे तो दुसऱ्या कारणाने. सोंग दिसायचं कचेरीत, संपादक पेरी व्हाइटपुढे, छायाचित्रकार जिमीपुढे, आणि तिथे चित्रपट थांबतच नाही. याहून मोठी गफलत शेवटी होते. खलनायक लेक्स लूथर आणि बोराव्हिया यांचं साटंलोटं जगापुढे आणते डेली प्लॅनेटची बातमी. ती उभी करतात लुईस आणि जिमी. वर्तमानपत्राच्या आयुष्यातली सर्वांत मोठी बातमी फुटते आणि त्यांचा बातमीदार क्लार्क केंट तिच्यात कुठेच नाही! तो क्लोनशी मारामारी करतोय. मारामारी तर हल्ली कुणीही करतं. लूथरसारख्या माणसाला मुठीने लोळवायचं की छापील शब्दाने, ही निवड ज्याला करता आली असती असा हा एकच नायक होता, आणि पटकथेने त्याच्यापुढे ती निवड ठेवलीच नाही.

गन यांनी नायकाला त्याचा चांगुलपणा परत दिला, त्याबद्दल मी त्यांचा ऋणी आहे. आता त्याला त्याची नोकरीही परत द्या. पुढच्या चित्रपटात निदान एक बातमी क्लार्क केंटच्या नावाने छापून येऊ द्या, आणि ती त्याने स्वतःच्या पायांनी फिरून आणलेली असू द्या.